आल्बर्ट बालिन : परदेशगामींच्या पंगतीचा यजमान



शब्बाथ सुटला की आमच्या घरी नातवंडांचा एकच हट्ट असतो, तो म्हणजे हॅम्बर्गरचा. आमच्या एक मावशी, ज्या आता हयात नाहीत, हे नाव ऐकले की कपाळाला आठ्या घालीत. इंग्रजी त्यांना बेताचेच येत असे, पण हॅम म्हणजे डुकराचे मांस एवढे मात्र पक्के ठाऊक होते. दुकानावर कोशेरची पाटी असो वा नसो, ज्याच्या नावातच हॅम आहे तो पदार्थ आपल्या तोंडात जाणार नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते. आम्ही पेशाने शिक्षक, तेव्हा समजावून सांगणे आलेच. या पदार्थाच्या नावाचा डुकराशी काडीचाही संबंध नाही, हे नाव जर्मनीतील एल्ब नदीवरच्या हॅम्बर्ग शहरावरून पडले आहे, बारीक कुटलेल्या मांसाच्या एका पदार्थाला गेल्या शतकाच्याही आधी अमेरिकेत हॅम्बर्ग स्टेक म्हणत, आणि पुढे तोच पावात घालून विकू लागले, असे आम्ही त्यांना अनेकदा सांगितले. मावशींनी ऐकून घेतले, पण हॅम्बर्गर काही खाल्ला नाही.

अमेरिकेत मॅकडोनल्ड नावाच्या दोन भावांनी १९४८ साली आपल्या कॅलिफोर्नियातील खाणावळीची नवी मांडणी केली. पदार्थ मोजके, भाव ठरलेला, प्रत्येक कामाला वेगळा माणूस आणि वाट पाहणे नाही, अशी ती रीत होती. १९५५ पासून रे क्रॉक नावाच्या गृहस्थाने तिच्या शाखा काढण्याचा सपाटा लावला आणि तिची जगभर पसरलेली कंपनी झाली. ही कंपनी १९९३ साली इस्राएलात आली, आणि १९९५ साली यरुशलेमजवळ मेवासेरेत सियोनला तिने कोशेर शाखा उघडली. १९९६ साली ती आपल्या मुंबईत आणि दिल्लीत आली, ती गाईचे व डुकराचे मांस बाजूला ठेवूनच. म्हणजे रीत सर्वत्र एक, पण खाणाऱ्याचा धर्म आणि नियम पाहून ताट थोडे बदलायचे, यात तिच्या वाढीचे एक मोठे मर्म आहे.

पण ही युक्ती अमेरिकेला सुचण्याच्या अर्धे शतक आधी, ज्या शहराने त्या पदार्थाला नाव दिले त्याच हॅम्बर्गमध्ये, एका यहुदी माणसाने ती वापरली होती. त्याची कंपनी हॉटेलांची नव्हती, आगबोटींची होती. तरीही एका स्वयंपाकघरातून हजारो अनोळखी माणसांना वेळेवर, स्वच्छ आणि विश्वासाने खाता येईल असे जेवण देणे हा त्या धंद्याचा एक कणा होता. त्या माणसाचे नाव आल्बर्ट बालिन. आपण सर्वजण कधी ना कधी बिऱ्हाड उचलून परक्या देशी आलेली माणसे. म्हणून या माणसाचे चरित्र आपल्याला ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

धक्क्यावरचे घर

आल्बर्ट बालिन यांचा जन्म १५ ऑगस्ट १८५७ रोजी हॅम्बर्गमध्ये झाला. भावंडांत ते तेरावे आणि सर्वांत धाकटे. वडील सॅम्युएल योएल बालिन हे डेन्मार्कहून येऊन हॅम्बर्गला स्थायिक झालेले यहुदी. घराणे गरीब म्हणावे इतके गरीब नव्हते, पण श्रीमंतीही कधी टिकली नाही. घर बंदराला लागून होते. धक्क्यावर वाढलेल्या मुलांना समुद्राच्या बातम्या आणि परक्या भाषा न शिकवता येतात, हे भाऊच्या धक्क्यावर लहानपण गेलेल्या आपल्या मंडळींना सांगायला नको.

वडिलांचा धंदा होता परदेशगमनाच्या दलालीचा. मॉरिस आणि कंपनी या नावाच्या पेढीत ते भागीदार होते. त्या काळी जर्मनीतून आणि पूर्व युरोपातून माणसे अमेरिकेला जाण्यासाठी हॅम्बर्गला येत. ही पेढी त्यांना तिकिटे काढून देई. पुष्कळांचा मार्ग इंग्लंडवरून होता. हॅम्बर्गहून बोटीने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर जायचे, तेथून आगगाडीने लिव्हरपूल गाठायचे आणि तेथे अमेरिकेची आगबोट धरायची. दोनदा चढणे, दोनदा उतरणे, आणि प्रत्येक ठिकाणी गाठोड्यांची व मुलांची मोजदाद.

१८७४ साली वडील वारले तेव्हा आल्बर्ट अवघा सतरा वर्षांचा होता. शाळेत त्याने काही विशेष चमक दाखविली नव्हती, पण इंग्रजी त्याने मन लावून शिकून घेतली होती. इंग्लंडशी चालणाऱ्या धंद्यात तिचाच उपयोग झाला. घरची जबाबदारी आणि पेढीचे काम त्याने अंगावर घेतले आणि १८७९ साली, बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, तो तिचा भागीदार झाला.

रिकाम्या बोटीत माणसे

येथून पुढे आम्ही त्यांचा उल्लेख आदरार्थी करतो, कारण येथून पुढे ते स्वतःच्या बुद्धीने उभे राहिले.

बालिन यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. अमेरिकेहून युरोपला येणाऱ्या मालवाहू आगबोटी भरून येतात आणि परत जाताना त्यांत पुष्कळ जागा रिकामी असते. त्या जागेत माणसे का नेऊ नयेत? १८८१ साली एडवर्ड कार नावाच्या तरुण जहाजमालकाशी त्यांनी करार केला. मालाच्या मजल्यावर लाकडी फळ्यांच्या बाकड्यांची सोय केली की जाताना माणसे नेता येत आणि येताना फळ्या काढून माल भरता येई. भाडे साहजिकच कमी ठेवता आले.

पण केवळ स्वस्ताईने त्यांचा जम बसला असे नाही. मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर पहिल्या वर्गाचे प्रवासी असत, आणि वरचा डेक त्यांच्यासाठी राखून ठेवलेला असे. गरीब प्रवाशाने खालच्या कोंदट मजल्यात बसायचे. बालिन यांच्या बोटीवर पहिला वर्गच नव्हता. त्यामुळे सारा डेक गरिबांना मोकळा होता. रेवदंड्याहून, अलिबागहून ज्यांचे वाडवडील बोटीने मुंबईला आले त्यांना विचारा, उलट्या होत असताना मोकळ्या वाऱ्याची किंमत काय असते ती!

याच वर्षी रशियात यहुदी वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे लुटली गेली, माणसे मारली गेली, आणि पुढे कायदेही कडक झाले. पूर्वेकडून यहुद्यांचा लोंढा हॅम्बर्गच्या दिशेने लागला. संकट इतरांचे आणि गिऱ्हाईक बालिन यांचे, असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. ते व्यापारी होते, धर्मादाय संस्थेचे चिटणीस नव्हते. पण गिऱ्हाईक नागवून एकदा पैसा मिळतो आणि त्याला नीट पोहोचवले तर तो मागून भाऊबंदांना पाठवतो, हे त्यांना कळत होते.

हॅम्बर्गची सर्वांत जुनी मोठी आगबोट कंपनी म्हणजे १८४७ साली स्थापन झालेली हापाग. कार यांच्या स्वस्त बोटींनी तिला बेजार केले. भाड्याची चढाओढ पेटली, दोघांचेही नुकसान होऊ लागले, आणि शेवटी १८८६ साली तह झाला. त्या तहात हापागने बालिन यांनाच आपल्या प्रवासी खात्याचे प्रमुख नेमले. ज्याने आपल्याला हैराण केले त्यालाच घरात घ्यावे, असा शहाणपणा कंपनीने केला. १८८८ साली ते संचालक मंडळावर आले आणि १८९९ साली सर्व कंपनीचे मुख्य संचालक झाले.

पटकीची साथ आणि परदेशगामींचे गाव

१८९२ च्या ऑगस्टमध्ये हॅम्बर्गमध्ये पटकीची भयंकर साथ आली. काही आठवड्यांत सुमारे १७ हजार माणसे आजारी पडली आणि ८ हजार ६०० हून अधिक मेली. शहरात एकच ओरड झाली की हा रोग रशियातून आलेल्या परदेशगामींनी, म्हणजे मुख्यतः यहुद्यांनी आणला. बर्लिनहून डॉक्टर रॉबर्ट कॉख आले आणि त्यांनी शहराची पाहणी केली. हॅम्बर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारच्या आल्टोना गावात पाणी वाळूतून गाळून देत, आणि तेथे रोग फारसा पसरला नाही. रस्त्याच्या एका बाजूला मरण आणि दुसऱ्या बाजूला जीवन, एवढा फरक गाळलेल्या पाण्याने पडला होता. पण संशय एकदा चिकटला की शास्त्राने सहजासहजी निघत नाही. परदेशगामींना काही काळ शहराची दारे बंद झाली आणि हापागचा धंदा धोक्यात आला.

त्यातच अमेरिकेने १८९१ साली कायदा केला होता की रोगी किंवा अपात्र ठरलेल्या माणसाला ज्या कंपनीने आणले तिनेच स्वखर्चाने परत न्यावे. तेव्हा माणूस बोटीवर चढण्यापूर्वीच त्याची तपासणी करणे कंपनीच्या हिताचे झाले. रशियाच्या सरहद्दीवर तपासणीची ठाणी उभी राहिली, आणि ती चालवण्याचे काम हापाग आणि ब्रेमेनची लॉईड कंपनी यांच्याकडे आले. येथे आम्हाला बालिन यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांच्याजवळ या जर्मन कंपन्यांची तिकिटे नसत, त्यांपैकी पुष्कळांना या ठाण्यांवरून माघारी पाठवले जाई. घर मोडून निघालेल्या माणसाला सरहद्दीवरून परत पाठवणे म्हणजे काय, हे आम्ही अधिक लिहीत नाही. आरोग्याच्या नावाखाली धंद्याचा फायदाही साधला गेला, हे नाकारता येत नाही.

शहरात येणाऱ्या परदेशगामींची आणखी एक दैना होती. बोट मिळेपर्यंत त्यांना धक्क्याजवळच्या भाड्याच्या खोल्यांत राहावे लागे. भाषा येत नाही, नाणी ओळखीची नाहीत, म्हणून खाणावळवाले आणि दलाल त्यांना लुबाडत. यावर बालिन यांनी जो उपाय काढला तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम, असे आमचे मत आहे. एल्बच्या पलीकडे वेड्डेल नावाच्या बेटावर त्यांनी परदेशगामींसाठी एक गावच वसवले. १९०१ च्या डिसेंबरात ते उघडले आणि १९०७ पर्यंत वाढवीत नेले. सुमारे तीस इमारती झाल्या आणि एका वेळी पाच हजारांच्या आसपास माणसे तेथे राहू शकत. माणसांनी भरलेली आगगाडी थेट तेथेच येई. आधी नाव नोंदवायचे, मग आंघोळ, कपड्यांना वाफ, डॉक्टरची तपासणी, आणि मग स्वच्छ भागात प्रवेश. झोपण्याचे दिवाणखाने, दवाखाना, वाद्यांचा मंडप, ख्रिस्ती लोकांसाठी देऊळ आणि यहुद्यांसाठी सिनेगॉग अशी सारी व्यवस्था होती.

आणि भोजनगृहे दोन होती. एक ख्रिस्ती लोकांसाठी आणि एक यहुद्यांसाठी, ज्याला स्वतंत्र कोशेर स्वयंपाकघर होते.

वाचकहो, यावर थोडे थांबू या. रशियाच्या खेड्यातून निघालेला यहुदी वाटेत काय खात असेल? जे अन्न कोणी शिजवले, कोणत्या भांड्यात शिजवले ते ठाऊक नाही, ते तो तोंडात घालीत नसे. कोरडा पाव, बरोबर आणलेले थोडेबहुत, आणि पाणी. आम्ही १९७० नंतरच्या दशकात या देशी आलो ते विमानाने, काही तासांत. येथे सर्व काही कोशेरच होते. तरीही पहिल्या दिवशी पुढे आलेल्या ताटात ऑलिव्ह, पांढरे चीज आणि काकडी पाहून आमच्या आईने फक्त पाव आणि चहा घेतला आणि ती रात्रभर भाताच्या आणि सोलकढीच्या आठवणीने रडली. भूक ही नुसती पोटाची नसते. हे अन्न आपले आहे, आपल्यासाठी शिजवले आहे, हा विश्वास वाटला की घास गिळतो. बालिन यांनी हे ओळखले. परक्या देशात, परक्या भाषेच्या गदारोळात, एका दारावर आपले स्वयंपाकघर आहे असे कळल्यावर त्या बायाबापड्यांना काय वाटले असेल, त्याची कल्पना आपल्या समाजातील कोणालाही करता येईल. शेंगदाण्या-तिळाच्या घाण्यावर बसूनही शनिवार पाळणाऱ्या, शनवार तेली म्हणवून घेणाऱ्या पूर्वजांचे आपण वंशज आहोत.

बालिन यांनी हे पुण्य म्हणून केले की हिशेब म्हणून? आमचे उत्तर असे की हिशेब म्हणूनच, पण हिशेब नीट केला तर त्यात माणुसकीला जागा सापडते. हॅम्बर्गमधील मार्ग चांगला आहे, तेथे आपले जेवण मिळते, अशी पत्रे मागे गावी गेली की पुढची दहा माणसे त्याच वाटेने येत. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षी, १९१३ साली, हॅम्बर्गहून दीड लाखाहून अधिक परदेशगामी समुद्रापार गेले.

वरच्या मजल्यावरची पंगत

गरिबांच्या जेवणाकडे जितके लक्ष, तितकेच श्रीमंतांच्या. हिवाळ्यात अटलांटिकवर श्रीमंत प्रवासी कमी होत आणि मोठ्या बोटी बांधून ठेवाव्या लागत. रिकाम्या बोटीवर बालिन यांचा मुळातच राग. २२ जानेवारी १८९१ रोजी त्यांनी ऑगस्टा व्हिक्टोरिया ही बोट २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सहलीला काढली. कोठे पोहोचायचे नाही, नुसते फिरायचे आणि बोटीवर राहायचे, जेवायचे. लोकांनी वेड्यात काढले, पण सहल यशस्वी झाली. आज ज्या प्रवासी सहली समुद्रावर निघतात, त्यांचा आरंभ याच सहलीपासून मोजतात. बालिन पतिपत्नी स्वतः त्या बोटीवर होते, आणि ती बोट आपल्या याफोच्या किनाऱ्यालाही लागली होती.

१९०० साली हापागची डॉइचलँड ही बोट अटलांटिकवरची सर्वांत वेगवान ठरली. पण ती वेगात इतकी थरथरे की प्रवाशांना चैन पडत नसे. बालिन यांनी वेगाची शर्यत सोडून दिली आणि आरामाकडे लक्ष वळवले. १९०५ साली अमेरिका नावाची बोट निघाली. तोवर बोटीवरचे जेवण म्हणजे ठरलेल्या घंटेला, लांबलचक टेबलावर, जे वाढतील ते. अमेरिका बोटीवर त्यांनी रिट्झ-कार्लटन हे हॉटेल उघडले. लहान टेबले, छापील यादी, हवे तेव्हा या, हवे ते मागवा, आणि त्याचे पैसे वेगळे द्या. समुद्रावरचे अशा प्रकारचे हे पहिले हॉटेल. आज आपण कोणत्याही वेळी दुकानात शिरून बोट दाखवून पदार्थ मागवतो, त्यात कोणाला नवल वाटत नाही. त्या काळी भर समुद्रात ते नवल होते.

बालिन आपल्याच बोटींवरून प्रवास करीत आणि खिशात वही ठेवीत. भाजलेला पाव गरम राहावा म्हणून रुमालात गुंडाळून द्यावा, लोण्याच्या बशा लहान आहेत, अशा बारीकसारीक गोष्टी ते टिपून ठेवीत आणि घरी आल्यावर दुरुस्त करवीत. घरातली कर्ती बाई पाहुणे येऊन गेल्यावर जशी पुढच्या वेळची तयारी मनात करते, तसे हे होते. फरक इतकाच की पाहुणे हजारोंनी असत. १९१३ साली इम्पेराटर ही त्यांची बोट निघाली. ती ५२ हजार टनांची, त्या वेळची जगातील सर्वांत मोठी. तिच्यात चार हजारांहून अधिक प्रवासी आणि हजारावर खलाशी व नोकर राहू शकत. सारे गावच पाण्यावर, आणि साऱ्यांचे तीन त्रिकाळ जेवण पाण्यावर. युद्धापूर्वी हापाग ही जगातील सर्वांत मोठी आगबोट कंपनी झाली होती. बालिन खात्यावर आले तेव्हा ती आपल्याच शहरातील एका छोट्या कंपनीने बेजार केलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या माणसाचे कर्तृत्व कळते.

राजाच्या ताटाला बसणे

बालिन यांनी १८८३ साली मारियाना राउएर्ट या प्रोटेस्टंट घराण्यातील स्त्रीशी विवाह केला. त्यांना मूल झाले नाही, म्हणून त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली. स्वतः बालिन सिनेगॉगला नियमाने जाणाऱ्यांपैकी नव्हते. पण त्या काळच्या जर्मनीत यहुदी माणसाने बाप्तिस्मा घेतला की पुष्कळ दारे उघडत, आणि बालिन यांनी ते कधीच केले नाही. ज्या आईबापांच्या पोटी जन्मलो त्यांचा धर्म बढतीसाठी सोडायचा नाही, एवढे एक त्यांनी अखेरपर्यंत पाळले. आमच्या मते ही लहान गोष्ट नाही.

जर्मनीचा बादशहा कैसर विल्हेल्म दुसरा याला जहाजांचे वेड होते. तो बालिन यांचा मित्र झाला. हॅम्बर्गला आला की त्यांच्या घरी जेवायला येई. फेल्डब्रुनेन रस्त्यावरच्या त्यांच्या बंगल्याला लोक थट्टेने छोटे पॉट्सडॅम म्हणत, कारण पॉट्सडॅमला कैसरचे राजवाडे होते. पण दरबारातील सरदार मंडळी मागे कुजबुजत की बादशहा एका यहुद्याच्या टेबलावर बसतो. बालिन यांना ते कळत नसेल असे नाही. हजारो परक्यांना आपल्या पंगतीला मानाने बसवणारा हा माणूस स्वतःच्या देशात मात्र पाहुणाच राहिला.

इंग्लंड आणि जर्मनी या दोघांशीही त्यांचा व्यापार, म्हणून दोघांत युद्ध होऊ नये यासाठी त्यांनी फार धडपड केली. लंडनचे सावकार अर्नेस्ट कॅसल हेही जन्माने यहुदी. या दोघांच्या खटपटीतून १९१२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचे मंत्री हॉल्डेन बर्लिनला बोलणी करायला आले. बोलणी फिसकटली. जुलै १९१४ मध्ये बालिन पुन्हा लंडनला गेले, पण तोवर सारे हाताबाहेर गेले होते.

युद्ध सुरू झाले आणि हापागच्या बोटी जागच्या जागी अडकल्या. इंग्लंडने समुद्र अडवल्यामुळे जर्मनीत अन्नाची टंचाई झाली. तेव्हा परदेशातून धान्य आणि खाद्यपदार्थ विकत घेण्याची व्यवस्था उभारण्याच्या कामात बालिन यांनी पुढाकार घेतला. लाखो प्रवाशांना जेवू घालणारा माणूस आता उपाशी देशासाठी धान्य शोधत होता. सप्टेंबर १९१८ मध्ये ते कैसरला भेटले, युद्ध हरले आहे हे स्पष्ट सांगण्यासाठी. पण दरबारी मंडळींनी दोघांना एकांत मिळू दिला नाही आणि मनातले मनातच राहिले.

नोव्हेंबरात हॅम्बर्गमध्ये क्रांती झाली. खलाशी आणि कामगारांनी शहर ताब्यात घेतले, आणि बालिन यांना धमक्या आल्या. झोप त्यांची कित्येक वर्षांपूर्वीच उडाली होती. झोपेचे औषध प्रमाणाबाहेर पोटात गेले आणि ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे ज्या दिवशी कैसरने राज्य सोडल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, एकसष्ट वर्षांचे आल्बर्ट बालिन वारले. ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली.

नाव पुसणे आणि नाव लिहिणे

तहात जर्मनीच्या मोठ्या बोटी विजेत्यांकडे गेल्या. इम्पेराटर इंग्रजांची बेरेंगेरिया झाली, आणि न्यूयॉर्कला अडकलेली फाटरलँड अमेरिकेने आधीच घेऊन तिचे लेव्हायथन केले होते. हापागने पुन्हा नवी बोट बांधली आणि १९२३ साली ती समुद्रावर निघाली. तिचे नाव आल्बर्ट बालिन ठेवले होते. पण नाझी सत्तेवर आले आणि १९३५ साली त्यांनी ते नाव पुसून हान्झा असे केले. बोट तीच, भटारखाना तोच, फक्त यहुद्याचे नाव नको. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, हॅम्बर्गने आल्स्टर तळ्याकाठच्या एका मुख्य रस्त्याला बालिनडाम हे नाव दिले. १९७० साली हापाग आणि लॉईड एक झाल्या आणि आजही त्या कंपनीची कचेरी त्याच रस्त्यावर आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता हॅम्बर्गला गेलो होतो. मुख्य स्टेशनवरून लोकल गाडीने वेड्डेलला जाता येते. जुन्या इमारती राहिलेल्या नाहीत, पण त्यांपैकी तीन पुन्हा तशाच बांधून २००७ साली तेथे संग्रहालय उघडले. त्याला बालिनस्टाट, म्हणजे बालिनचे गाव, असे नाव दिले आहे. १८५० ते १९३९ या काळात सुमारे पन्नास लाख माणसे हॅम्बर्गमार्गे परदेशी गेली असे तेथे सांगतात. गाठोडी, पेट्या आणि खाटा पाहून आमच्या सौभाग्यवतींना मुंबई सोडतानाची आमची लोखंडी ट्रंक आठवली. त्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा मसालाच जास्त होता.

परत येताना स्टेशनजवळ हॅम्बर्गरचे दुकान होते. आत नाना देशांची माणसे रांगेत उभी होती आणि प्रत्येकाला चार मिनिटांत ठरलेले जेवण मिळत होते. आम्ही काही खाल्ले नाही, कारण ते आमच्यासाठी शिजवलेले नव्हते, आणि म्हणूनच आम्हाला वेड्डेलच्या त्या दुसऱ्या भोजनगृहाची आठवण झाली. जगभर पंगत मांडणाऱ्या कंपन्या आज पुष्कळ आहेत. पण परक्या दारात उभ्या असलेल्या माणसाला, तुला काय चालते आणि काय चालत नाही, असे आधी विचारणारा यजमान विरळा. बालिन यांनी ते विचारले, मग त्यांचा हेतू धंद्याचा असो की आणखी कशाचा.

आपल्या शेजारी नवे ओलीम येतात, कोणी इथियोपियाचे, कोणी मणिपूर-मिझोरामचे, कोणी रशियाचे. पहिल्या दिवशी त्यांच्या दारात ताट घेऊन जाण्याची आपल्या घरची रीत आहे. ती रीत मोडू नये, आणि ताट नेण्यापूर्वी त्यांना काय चालते ते विचारावे. बालिन यांच्या चरित्रातून आम्ही तरी एवढे घेतले आहे.